आपण समितीवर आहात, अभिनंदन!

प्रति,
मा. सदस्य,
जैवविविधता व्यवस्थापन समिती
(गाव आपापलं समजून घ्यावं)



आपण या समितीचे सदस्य आहात ही बातमी आपल्याला या पत्रातूनच कळत असेल, तर सर्वप्रथम हार्दिक अभिनंदन. पत्र वाटूर फाट्यावरून लिहितो आहे. इथून एक रस्ता जालन्याला जातो, एक मंठ्याला आणि एक परतूरला. पत्र कुठल्याही रस्त्यानं धाडता यावं म्हणून वर एका गावाचं नाव घातलेलं नाही. ज्याला टोचेल त्यानं आपलं समजावं.

आपली नेमणूक कशी झाली ते सांगतो, म्हणजे सत्कार झालाच तर भाषणात उपयोगी पडेल. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याचं ४१ वं कलम म्हणतं की प्रत्येक स्थानिक संस्थेनं, म्हणजे ग्रामपंचायतीनंसुद्धा, अशी समिती नेमावी. २००४ च्या नियमांनी पुढचा तपशील भरला: एक अध्यक्ष, जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश महिला, अनुसूचित जाती-जमातींना वाटा. जडीबुटीची माहिती असलेले, शेती करणारे, मासे धरणारे, रानातला माल गोळा करणारे लोक सदस्य म्हणून घ्यावेत, असंही त्या नियमांत होतं. वाचून ऊर भरून येतो. ज्या माणसाला तलाठ्याच्या दारात कुणी बस म्हणत नाही, त्याला कायद्यानं थेट समितीवर बसवलं.

त्यानंतर कायदा बरीच वर्षं निवांत पडून होता. २०१६ मध्ये एकानं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अर्ज केला की समित्या कुठं आहेत. त्या वेळी देशभरात दहा हजारही समित्या नव्हत्या. न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. तोवर समित्या आणि त्यांनी लिहायच्या जैवविविधतेच्या नोंदवह्या पूर्ण झाल्या नाहीत, तर १ फेब्रुवारीपासून राज्यानं दरमहा दहा लाख रुपये भरायचे. हा आकडा कानावर पडताच प्रशासनाला निसर्गाचा असा काही पुळका आला की काही वर्षांतच समित्यांची संख्या अडीच लाखांच्या पुढे गेली. एवढ्या वेगानं आपल्याकडे फक्त गाजरगवत वाढतं. त्या घाईच्या दिवसांत ग्रामसेवकानं मतदारयादीवरून बोट फिरवलं आणि ते आपल्या नावावर थांबलं असेल, तर त्यात आपला काही दोष नाही. महिला सदस्यांनाही हे पत्र दाखवावं. त्यांची सही त्यांच्या यजमानांनी केलेली असण्याची शक्यता असल्यामुळे आधी यजमानांना विचारून दाखवावं.

आता मुद्द्याचं. समितीचं मुख्य काम एकच, लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं, आणि तेही गावातल्या लोकांशी सल्लामसलत करून. ही कल्पना माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात मांडली. गावात काय उगवतं, काय चरतं, काय उडतं, कुठली झाडं गेली, कुठलं बियाणं आजीच्या मडक्यात उरलं, हे सगळं जाणत्या माणसांना विचारून लिहायचं होतं. हे काम सावकाशीचं आहे. मेंढपाळाला पावसाळ्यात एकदा विचारावं लागतं आणि उन्हाळ्यात पुन्हा विचारावं लागतं. मुदत डोक्यावर आल्यावर कित्येक ठिकाणी वह्या लिहायचं काम संस्थांना देण्यात आलं आणि त्यांनी ते संगणकावर उरकलं. एका गावाची वही दुसऱ्या गावाच्या नावानं उतरल्याच्या तक्रारीही झाल्या. तेव्हा आपल्या वहीत कोकम किंवा सुपारी आढळली तर दचकू नये. मराठवाड्याचा दुष्काळ निदान कागदावर तरी हटला, असं म्हणावं.

आपल्या भागाची वही खरी लिहायची म्हटली तर काय लिहाल, याचा थोडा विचार करून ठेवा. दगडी ज्वारी लिहाल. लाल कंधारी आणि देवणी गाय लिहाल, आणि गोठ्यात प्रत्यक्षात काय उभं आहे तेही लिहाल. माळावरचं पवन्या आणि मारवेल हे गवत लिहाल. काळवीट आणि लांडगा लिहाल. माळढोक आणि तणमोर लिहिताना पेन अडखळेल, कारण ते म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरलेत.

बियाण्यापाशी मी जरा थांबतो, कारण जालन्याच्या माणसाला याहून मजेशीर गोष्ट सापडायची नाही. आपला जिल्हा देशाला बियाणं विकतो. बद्रीनारायण बारवाले यांनी इथं १९६४ मध्ये महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि पाठोपाठ कंपन्यांची रांग लागली. त्याबद्दल अभिमान आहेच. पण कंपनीकडे तिच्या प्रत्येक वाणाची नोंद असते, आई-बापासकट. गावाकडे त्याच्या एकाही वाणाची नसते. कायदा मात्र गावठी वाण जपण्याचं काम कुणा कंपनीवर सोपवत नाही, ते आपल्यावर सोपवतो. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असल्या वाणांची बीजबँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. समितीचं नेमणूकपत्र यायची वाट त्या पाहत बसल्या नाहीत. ही त्यांची चूक आपण करू नये. आपण पत्राची वाट पाहावी. हे पोचलंच.

पैशाचंही बघा. ४१ व्या कलमानुसार आपल्या हद्दीतून जैविक माल व्यापारासाठी नेणाऱ्याकडून समिती शुल्क घेऊ शकते आणि ४३ व्या कलमानुसार तिचा स्वतःचा निधी असतो. शुल्क कोणत्या मालावर आणि किती, हे पुढच्या नियमांवर अवलंबून आहे; पण अधिकार आहे. शुल्क घेण्याचा अधिकार असलेली समिती गावात आहे आणि तिच्या अध्यक्षपदासाठी अजून एकही भांडण झालेलं नाही! सोसायटीच्या निवडणुकीत आपण एकमेकांची डोकी फोडतो. ती समिती खरी आहे अशी कुणालाच खात्री नसावी, एवढाच याचा अर्थ.

वहीत गायरानाचंही पान असायला हवं. मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्वतःहून हा विषय हाती घेतला तेव्हा राज्य सरकारनं आकडे दिले. राज्यात गायरान ४.५२ लाख हेक्टर, त्यातलं १०,०८९ हेक्टर अतिक्रमणाखाली आणि त्यावर दोन लाख बावीस हजारांहून अधिक बेकायदा बांधकामं. त्याआधी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असं सगळ्या राज्यांना सांगितलेलं होतंच. इथं उपरोध जरा बाजूला ठेवतो. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांत भूमिहीन दलित कुटुंबं आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून तो हक्काचा लढा आहे, आणि त्यातली जुनी कसवणूक नियमित करण्याचे निर्णय सरकारनंच घेतलेले आहेत. दोन एकर ज्वारी पेरणारा आणि फाट्याला लागून गाळे काढणारा हे दोघं सरकारी तक्त्यात ‘अतिक्रमणधारक’ या एकाच रकान्यात बसतात. कारवाईची वेळ आली की जेसीबी आधी कुणाकडे वळतो, हे आपल्याला मी सांगायला नको. कोण का कसतो आणि गुरांना किती माळ उरला, हे वेगवेगळं मांडू शकणारा एकच कागद गावाच्या हातात होता. तो आपण न वाचता सही करून दिला.

उरलेल्या माळावर आपण झाडं लावली. राज्यानं २०१६ मध्ये दोन कोटींपासून सुरुवात केली, मग चार, मग तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. जालना जिल्ह्याचं वनाच्छादन वनसर्वेक्षणाच्या अहवालांत एक टक्क्याच्या आगेमागेच दिसतं, तेव्हा रोपं कुठं गेली हे रोपांनाच विचारलं पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. गवताचा माळ सरकारी भाषेत ‘पडीक’ ठरतो, म्हणून खड्डे तिथेच पडतात. रोप जगलं तर गवत गेलं, नाही जगलं तर खड्डा उरला. दरम्यान शेगाव–पंढरपूर मार्ग झाला. रस्ता रुंद झाला, सावली अरुंद झाली. पंढरीच्या वाटेवर उन्हात चालण्यानं पुण्य वाढतं असं मानून घेऊ.

आपल्यासारखे सन्माननीय अनुपस्थित सदस्य घडतात कुठं, तर ग्रामसभेत. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायच्या. गणपूर्ती शंभर माणसांची किंवा मतदारांच्या पंधरा टक्क्यांची, यांतली जी कमी असेल ती. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे लोक आले नाहीत तर काम अडतं, दुसऱ्यांदाही आले नाहीत तर सुरळीत होतं. मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी याहून पुढे गेलेली आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार तिला मुळात गणपूर्तीच लागत नाही. वर्तमानपत्र पोचत नाही तिथं दवंडी पिटावी अशी तरतूद मात्र तिच्यात आहे. आपण दवंडी ऐकली नसेल तर दोष आपल्या कानांचा.

२०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. त्यात सुनावणीची तीस दिवसांची मुदत वीस दिवसांवर आणायचं घाटत होतं. मसुदा इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयानं जूनअखेर सांगितलं की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत तो द्या. त्यावर केंद्र सरकार कुठं गेलं? सर्वोच्च न्यायालयात, त्या आदेशाविरुद्ध. आपल्या रानाचं काय होणार हे आपल्याला मराठीत कळू नये, यासाठी एवढे मोठे वकील उभे राहिले. एरवी आपल्यासाठी कोण उभं राहतं?

पण एवढ्या सोयी असूनही काही ठिकाणी लोक खरोखर आले, हे खेदानं नमूद करतो. जालना शहराचा निजामकाळातला घाणेवाडी तलाव गाळानं भरला होता. शहरातल्या नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच काढला, वर्गणी जमवली, गाळ उपसायला घेतला आणि शेतकऱ्यांनी तो स्वतःच्या खर्चानं वाहून शेतात पसरला. जालना तालुक्यातलं कडवंची त्याच्याही आधीचं. नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात मराठवाडा शेती सहाय्य मंडळ, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांनी तिथं काम उभं केलं. त्या कार्यक्रमाच्या अटी ऐका: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, आणि बांधाबांधावर शेतमालकाला सोबत घेऊन आखणी. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जळाल्या तेव्हा कडवंचीची द्राक्षं उभी होती. सगळंच गोड आहे असं नाही. विहिरी-बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात साठवायचं आणि उन्हात उडू द्यायचं, ही राज्यभरची पुढची डोकेदुखी द्राक्षवाल्या गावांनाही चुकलेली नाही. तिथं पुन्हा गावानं बसूनच हिशेब करावा लागेल.

आणि नेमकं हेच आम्हा ग्रामस्थांना नको आहे. सरकारला रिकामी समिती आवडते हे अर्धं खरं. आम्हालाही ती आवडते. भरलेली समिती उद्या विचारेल की बोअर किती फुटांवर गेला, बांधावरची बाभूळ कुणी तोडली, दुधना नदीची वाळू कुणाच्या ट्रॅक्टरनं गेली आणि ट्रॅक्टर कुणाच्या मेव्हण्याचा. त्यापेक्षा हिवरे बाजारला अभ्यासदौरा काढावा, फेटे बांधून फोटो काढावा आणि येताना शिर्डी करावी हे बरं. दौऱ्यात मीही होतो, जेवण चांगलं होतं.

तेव्हा माझी आपल्याला विनंती आहे. राजीनामा देऊ नका, आधी सदस्य असल्याची खात्री करा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, ती तहकूब व्हायच्या आत, नोंदवही टेबलावर मागा आणि मोठ्यानं वाचायला लावा, अगदी कोकम-सुपारीसकट. चूक आढळेल तिथं जाणत्या माणसाला उभं करून दुरुस्ती लिहून घ्या आणि ती इतिवृत्तात आली का ते सभा संपण्याआधी पाहा. वही सापडत नाही असं उत्तर मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, मजकूर दीडशे शब्दांत. एवढं लिहायचाही कंटाळा आला तर कागद घेऊन फाट्यावर या, मी लिहून देतो.

आपला,
एक ग्रामस्थ
वाटूर फाटा, ता. परतूर, जि. जालना

ता. क. हे लिहून झाल्यावर मनात आलं की मीही कुठल्यातरी समितीवर असेन. कुणाला माझं नाव आढळल्यास कळवावं.