चार वॉटचे दाजी

आमच्या दाजींना जीप घ्यायलाच दीड वर्ष लागलं होतं. त्यामुळे जीपमध्ये बसवायच्या सीबी रेडिओला किती लागेल, याचा अंदाज ताईला पहिल्या दिवशीच आला. मला आला नाही. मी आपला म्हणालो, "दाजी, येत्या शनिवारी घेऊन टाकू." दाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मिरजेच्या घरात तंबोरा घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांचे आजोबा सहा महिने सतारमेकर गल्लीत नुसत्या भोपळ्यांवर टिचक्या मारत हिंडत होते. 'घेऊन टाकू' हे शब्द त्या घराण्यात कुणी उच्चारत नाही.

दाजी सॅन होजेला राहतात. दिवसा एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात, संध्याकाळी जगातल्या. पंचेचाळिशी उलटल्यावर माणसाला गुडघेदुखी होते, अध्यात्म होतं किंवा जीप होते. दाजींना जीप झाली. दगडधोंड्यांतून गाडी चढवणाऱ्या एका गटात ते सामील झाले आणि गटप्रमुखानं पहिलीच अट सांगितली, की प्रत्येक गाडीत रेडिओ हवा.

अट रास्त होती. यूटातल्या मोअॅबसारख्या ठिकाणी लाल खडकांत शिरलं की मोबाइल मान टाकतो. दहा गाड्यांची रांग असते. पहिला मागच्यांना सांगत असतो, "वळणाशी मोठी पायरी आहे, डावं चाक वर ठेवा." हे ऐकू आलं नाही तर आपली गाडी कडेला लवंडते आणि उरलेले नऊजण फोटो काढतात. दोन-चार मैलांच्या या गप्पांसाठी अमेरिकेत सीबी आहे. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास ४० चॅनेल, लायसन्स नको, परीक्षा नको. ९ नंबर अडीअडचणीसाठी, १९ नंबरवर ट्रकवाले. दुकानात जायचं, पेटी उचलायची, चार स्क्रू मारायचे.

दाजींनी एक्सेल उघडलं.

ती शीट मी पाहिली आहे. सत्तावीस सेट, चौदा रकाने. एकेका सेटबद्दल त्यांचं मत स्थळांच्या वहीत असावं तसं होतं. कोब्रा २९ घराण्याचा चांगला, ट्रकवाल्यांचा लाडका, पण अंगानं दांडगा. जीपमध्ये लावला तर गिअर टाकताना गुडघ्याला लागणार. लहान सेट गुणी आणि स्वस्त, पण बहुतेकांचा स्पीकर पोटाखाली. सीटच्या बाजूला लावले तर ते बोलणार गालिच्याशी. कोब्रा ७५ ची सगळी बटणं हातातल्या माइकवरच, डबा सीटखाली दडवता येतो. जीपवाले त्यावर खूश असतात. दाजी म्हणाले, "पण माइक हातातून पडला की अख्खा रेडिओ पडला की रे." शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'मन काय म्हणतं'. त्यात सत्तावीसच्या सत्तावीस ओळींत एकच शब्द होता : बघू.

यातली खरी मौज पुढेच आहे. अमेरिकन कायद्यानं साध्या एएम सीबीला ४ वॉटच्या वर ताकद देता येत नाही. स्वस्त पेटी घ्या नाहीतर तिप्पट किमतीची घ्या, हवेत जाणार चारच वॉट. हे मला कुणी सांगितलं? दाजींनी. कैक वेळा, जेवताना, हात वाळेपर्यंत.

"मग दाजी, कुठलाही घ्या की!"

"अरे खुळ्या, ताकद सगळ्यांची सारखी आहे म्हणूनच तर बाकीचं नीट बघावं लागतं."

यावर उत्तर नसतं. ताई नुसती ताटं उचलते.

मधेच त्यांना इतिहासाचा नाद लागला. १९७३ मध्ये तेल महागलं, पाठोपाठ देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवर सांगू लागले. बघता बघता ते वेड घराघरांत शिरलं. गर्दी इतकी झाली, की १ जानेवारी १९७७ पासून २३ चॅनेलांची ४० करावी लागली. हवेत प्रत्येकाचं टोपणनाव असे. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड 'फर्स्ट मामा' म्हणून बोलत. हे सांगताना दाजींचे डोळे पाणावतात. ज्या वर्षी ते मिरजेत बालवाडीत होते, त्या वर्षी आपण अॅरिझोनात ट्रक चालवत नव्हतो याची त्यांना खंत आहे. मग टोपणनाव निवडायला घेतलं. तीन आठवडे गेले, यादी साठावर गेली. शेवटी ताईनं एका शब्दात निकाल दिला : "भोपळा." आजोबांच्या तंबोऱ्याचा मान राहिला आणि रेडिओखरेदीच्या प्रगतिपुस्तकात काय लिहिलंय तेही सांगून झालं.

दरम्यान माझ्या हातून पाप घडलं. मीही एक जुनी जीप घेतली होती. डिझेलच्या वासाच्या एका ट्रक स्टॉपवर कॉफी प्यायला थांबलो आणि दहा मिनिटांत सीबी, अँटेना, वायर असं सगळं काउंटरवर ठेवून पैसे देऊन मोकळा झालो. दाजींना फोटो पाठवला. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता दारात दाजी, हातात पॉलिश पेपर आणि स्क्रू ड्रायव्हर. "मीटर आणलायस का?" मी आणला होता, तेवढं एक शहाणपण केलं होतं. "त्याशिवाय माइक दाबला नाहीस ना?" मी दाबला होता. दाजींनी पाळण्यातून मूल पडावं तसा आवाज काढला.

त्या सकाळचे दाजी मी विसरणार नाही. अँटेनाकडे गेलेली ताकद किती परत उलटते, ते हा एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. काटा दीडच्या आत हवा, दोनपर्यंत चालवून घ्यायचा, तीनच्या पुढे गेला तर उलटलेली ताकद रेडिओचंच काळीज जाळते. माझा काटा तीनला टेकला होता. दाजी गाडीमागे उकिडवे बसले. अँटेनाचा ब्रॅकेट सुट्या चाकाजवळ होता, छान काळ्या रंगाचा. त्यांनी त्यावर नखानं टकटक केलं, कान लावला (कान कशाला लावला, देव जाणे, आजोबांची सवय असावी) आणि म्हणाले, "रंग आडवा येतोय. गाडीचं लोखंड ही अँटेनाची जमीन असते. रंगामुळे लोखंड लोखंडाला भेटतच नाहीये." पॉलिश पेपरनं त्यांनी स्क्रूभोवतीचा रंग खरवडला. लोखंड चकाकेपर्यंत, एखाद्या लहान मुलाचं कोपर धुवावं तसं. काटा दोनवर आला.

मग सुरू झालं जुळवणं. मी आत बसून आधी १ नंबरवर, मग ४० वर माइक दाबायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. ४० वर जास्त आला तर अँटेना लांब झाली, १ वर जास्त आला तर आखूड. तिच्या टोकाला एक स्क्रू असतो. दाजी तो अर्धा फेरा, पाव फेरा फिरवत होते आणि दर वेळी पळत लांब जाऊन उभे राहत होते. "दार लाव! जवळ माणूस असला की काटा खोटं बोलतो!" जवारीचा दोरा तारेखाली केसभर सरकवून तंबोऱ्याचा सूर उघडावा, तसा तो प्रकार होता. तासाभरानं दोन्हीकडे १.३ आला. दाजींनी डोळे मिटले. मी १९ नंबर लावून 'कुणी ऐकतंय का' विचारलं, तर हायवेवरचा कुणी ट्रकवाला घोगऱ्या आवाजात म्हणाला, की स्वच्छ ऐकू येतंय. दाजी माइककडे बघत राहिले. मी तो पुढे केला. "नको, नको," ते म्हणाले, "माझा आला की बोलेन."

ही बातमी पसरली. आता आमच्या भागातल्या अकरा जीपमध्ये दाजींनी निवडलेले, लावलेले आणि जुळवलेले सेट आहेत. समोरच्याची उंची, गाडीचं छप्पर, बायकोचा स्वभाव विचारून ते दुसऱ्याला पाच मिनिटांत अचूक सेट सांगतात. स्वतःच्या वेळी मात्र दर वेळी काहीतरी नवं निघतं. सरकारनं २०२१ मध्ये सीबीवर एफएमलाही परवानगी दिली, तेव्हा शीटला नवा रकाना आला. मग अनेक जीपवाले जीएमआरएस नावाच्या दुसऱ्या रेडिओकडे वळू लागले. आवाज स्वच्छ, अँटेना आखूड, पण त्याला लायसन्स लागतं : ३५ डॉलर, दहा वर्षं, परीक्षा नाही, घरच्या सगळ्यांना एकच पुरतं. दाजींनी तातडीनं लायसन्स काढलं. त्यापाठोपाठ, 'बाजू पूर्ण समजायला हवी' म्हणून हॅम रेडिओच्या परीक्षेला बसले. पस्तीस प्रश्नांपैकी सव्वीस बरोबर आले की पास. दाजींचे पस्तीसच्या पस्तीस बरोबर आले. आता त्यांच्याकडे दोन लायसन्स आहेत, दोन कॉल साइन आहेत, ताईनं दिलेलं नाव आहे. रेडिओ नाही.

गेल्या वसंतात आम्ही मोअॅबला गेलो. पंधरा तासांचा रस्ता. चाकांतली हवा कमी केली, रांग लावली. गटप्रमुखानं दाजींच्या रिकाम्या डॅशबोर्डकडे बघून एक शब्दही न बोलता हातातला सेट त्यांच्या मांडीवर ठेवला. दुपारभर त्या उसन्या सेटवरून दाजी सगळ्यांना सूचना देत होते. माझ्या मागच्या गाडीतल्या बाईंनी संध्याकाळी मला विचारलं, "हे मिस्टर भोपळा कोण? फार छान बोलतात."

परतल्यावर वाटलं, आता घेतील. त्यांनी रेडिओ बसवायचा ब्रॅकेट घेतला. सहा ब्रॅकेटांची तुलना करून घेतलेला, उत्तम स्टीलचा, योग्य कोनात बसवलेला, मागचा रंग खरवडलेला. वायर थेट बॅटरीपासून ओढली आहे, इंजिनची घरघर आवाजात येऊ नये म्हणून. अँटेना उभी आहे. ब्रॅकेटमध्ये सध्या बडीशेपेची डबी बसते, अगदी मापात.

तर, तुम्हाला गाडीसाठी सीबी घ्यायचा असेल तर माझं ऐकू नका, दाजींकडे जा. माणूस भला आहे, एक पैसा घेणार नाही आणि सेट सांगेल तो लाखात एक. जाल तेव्हा माझा मीटर तेवढा मागून आणा. आणि जेवून जा.