एक भोक, दोन दावेदार

कॅमेऱ्याच्या पोटाखाली एक भोक असतं. एकच. कंपन्यांनी कॅमेऱ्याला बटणं भरभरून दिली, मेनूची पानंच्या पानं दिली, झाडीत दडलेल्या पक्ष्याचा डोळा हुडकायची अक्कल दिली. भोक देताना मात्र हात आखडला. या भोकावर मूळ हक्क ट्रायपॉडचा. पुढे पट्ट्यानेही दावा ठोकला, आणि आता सातबाऱ्यावर दोन भावांची नावं लागावीत तसा हा वाद पेटला आहे. आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमधला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या बाजूचा साक्षीदार आहे.

पूर्वी असं नव्हतं. पट्टा वरच्या दोन कड्यांत ओवलेला असे, कॅमेरा छातीवर आणि दुखणं मानेत. मग आडवा पट्टा आला. एका खांद्यावरून तिरका घ्यायचा, कॅमेरा कमरेशी उलटा लोंबत राहतो. मान सुटली, पण या पट्ट्याचा स्क्रू बसतो नेमका त्या एकुलत्या भोकात. ट्रायपॉड लावायचा तर पट्ट्याचा स्क्रू सोडवा, प्लेट बसवा, ती पिळा. तोवर भिगवणचे फ्लेमिंगो उठून पलीकडच्या काठाला गेलेले असतात.

शिवाय हा स्क्रू पाव इंची, इंचाला 20 आटे. आपण 1957 साली आणे मोडून नवे पैसे आणले, जपान्यांचा सगळा कारभार मीटरात चालतो. पण जपानी कॅमेऱ्याचं पोटसुद्धा अजून इंचातच आहे. भोकाची खोली जेमतेम 5 मिलिमीटर, म्हणजे हिशेबाने चारच आटे. त्या चार आट्यांवर लाखाचा ऐवज दिवसभर झुलतो. झुलताना फिरतो, फिरताना सैल होऊ लागतो. म्हणून मध्ये रबरी वॉशर असतो आणि जपून चालणारा माणूस दर तासाला मागे हात घालून कॅमेरा चाचपतो. पाहणाऱ्याला वाटतं, कंबर धरली.

प्लेटची तऱ्हा आणखी वेगळी. बऱ्याच प्लेटच्या स्क्रूला खाच असते; तिच्यात नाणं घालून पिळायचं. ही युक्ती निघाली तेव्हा माणसांच्या खिशात नाणी असत. आता चहाच्या टपरीवरही स्कॅनर पुढे येतो. कास पठाराच्या कडेला आमच्यातले दोन इंजिनिअर आणि एक डॉक्टर रुपयासाठी एकमेकांपुढे हात पसरत होते. शेवटी डॉक्टरांनी गाडीतल्या गणपतीपुढचं नाणं उचललं, ‘लगेच ठेवतो रे बाबा’ म्हणत प्लेट आवळली आणि नाणं पुसून जागच्या जागी ठेवलं.

या भांडणात तडजोडी पुष्कळ निघाल्या. आर्का-स्विस धाटणीची, तिरक्या कडांची साधारण 38 मिलिमीटर रुंद प्लेट कायमची बसवायची आणि पट्ट्यालाच तिला पकडणारा चिमटा लावायचा, ही एक. पण 38 मिलिमीटर प्रत्येक कंपनीचे आपापले. एकीची प्लेट दुसरीच्या चिमट्यात रुतते, तिसरीच्या चिमट्यात खुळखुळते. दुसरी तडजोड बंदुकीच्या पट्ट्यावरून उचललेली: प्लेटमध्ये गोल खाच, पट्ट्याच्या टोकाला कळ, दाबली की सुटते. तिसरी बहुमताची: पट्ट्याचं एक टोक वरच्या कडीत, दुसरं प्लेटच्या कोपऱ्यातल्या फटीत. कॅमेरा आडवा लटकतो, भोक प्लेटकडे राहतं, दोन्ही पक्ष गप्प.

गप्प, पण कोकणकड्यापर्यंतच. तिथे रात्री ताऱ्यांसाठी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला की दरीतून वर येणारा वारा लोंबत्या पट्ट्याला धरून नाचवतो. पट्टा फडफडतो, कॅमेरा थरथरतो, ताऱ्यांच्या शेवया होतात. म्हणून सुटा होणारा पट्टा हवा. पीक डिझाइनची ती लहानशी गोल चकती त्यासाठीच: दाबून सरकवली की पट्टा मोकळा. ती 90 किलो पेलते म्हणे. कॅमेरा दीड किलोचा. उरलेली सोय मालकाला लटकवायची असावी.

परवा पट्ट्याची शिवण उसवली म्हणून बॅग रिपेअरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी दाभण बाजूला ठेवून कॅमेरा उलटा केला, भोकावर अंगठा फिरवला.

“एकच?”

“एकच.”

“मग पट्टा वरच्या कड्यांना लावा, स्टँड खाली. भांडण कशाला?”

“मान दुखते हो काका.”

त्यांनी कॅमेरा तळहातावर तोलून पाहिला आणि परत देत म्हणाले, “मग हलका घ्या.”

चाळीस रुपयांत शिवण पक्की झाली. सल्ला फुकट होता. पण आमच्या ग्रुपवर तो टाकायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही.