गाण्यांवाचून रेडिओ
अमेरिकेतील ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ (१९७८–१९८२) ही मालिका रॉक संगीत वाजवणाऱ्या रेडिओ केंद्राची असल्याने, पुढील काही आवृत्त्यांतून तेच संगीत बव्हंशी गाळण्याचा निर्णय कलाशुद्धीचा आदर्शच मानावा लागतो. गाण्यांचे परवाने, म्हणजे मोबदला देऊन मिळवलेली वापराची परवानगी, मुदतबंद होते. मुदत सरताच निवेदक तबकडी लावी आणि भलतीच स्वस्तातली धून ऐकू येई, तर जेथे गाण्यावरच संवाद होते तेथे काही संवादही परक्या कंठांतून वदवून घेतले गेले. (प्रेक्षकांची स्मृती तेवढी अद्याप विनापरवाना चालते.) याच न्यायाने आता नटांचे चेहरेही बदलावेत, म्हणजे जतनकार्य परिपूर्ण होईल. स्वामित्वहक्क निर्मात्याला मोबदला मिळावा म्हणून असतो. गाळलेल्या गाण्याच्या निर्मात्याला त्या आवृत्तीतून छदामही मिळत नाही.