डांबरगोळी गेली कुठे?

भाचीच्या लग्नासाठी कपाटातून पैठणी निघाली. पैठणीच्या आधी तिचा वास निघाला. खोलीभर फिरून तो स्वयंपाकघरात गेला आणि चहातही उतरला. घडीच्या पोटात मलमलीची पुरचुंडी होती. बायकोने गाठ सोडली, तर आत काहीच नाही. दिवाळीत तिने मोजून चार डांबरगोळ्या बांधल्या होत्या.

"गेल्या कुठे?" मी विचारलं.

"उडून गेल्या. त्यात विचारायचं काय?"

'उडून गेलं' एवढं म्हटलं की आपल्याकडे चौकशी संपते. कापूर उडतो, अत्तर उडतं, थिनर उडतं, पगारही उडतो. शाळेत बाईंनी संप्लवन शिकवलं होतं : स्थायू पदार्थ द्रव न होता थेट वायू होतो. प्रश्न दोन मार्कांचा होता. तो वायू पुढे जातो कुठे, याला मार्क नव्हते. आमचं कपाट झोपायच्या खोलीत. एसीपायी खिडक्या बंद, आणि आत रात्रभर आम्ही दोघं.

"म्हणजे त्या गोळ्यांतला काही वाटा आपल्या पोटात गेलाय," मी म्हणालो.

"तरीच तुम्हाला कसर लागली नाही," ती म्हणाली.

कसर लागू नये म्हणून आपण कुठलीही कसर सोडत नाही. गोळीतलं नॅप्थॅलीन मूळचं दगडी कोळशाच्या डांबरातलं, म्हणून ती डांबरगोळी. कसरीला मारायचं तर तिची वाफ बंद जागेत दाटावी लागते. दार उघडलं की तीच वाफ आपल्या भेटीला येते. मोठ्या माणसाचं एखाद्या शालूने लगेच काही बिघडत नाही. पण जी-सिक्स-पीडी नावाचं विकर काही बाळांच्या रक्तात जन्मतःच कमी असतं, आणि गोळ्यांत ठेवलेली दुपटी तशीच त्यांना गुंडाळली तर त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. ट्रंकेतली माया आधी धुवून उन्हात टाकावी, मग बाळाला गुंडाळावी.

तेवढ्यात मला कपाटाचाच संशय आला. ते प्लायवूडचं आहे. केलं तेव्हा सुतार म्हणाला होता, "नव्या फर्निचरचा वास आहे साहेब, पंधरा दिवसांत जाईल." पाहुणे तर तो वास कौतुकाने घेत. प्लायचे थर बहुतेक वेळा ज्या गोंदाने चिकटवतात, त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटत राहतो, उन्हाळ्यात आणि दमट हवेत जरा जास्तच. हाच वायू पाण्यात विरघळवला की फॉर्मॅलिन होतं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला बरणीतला बेडूक त्यातच राहायचा. तो वर्षानुवर्षं जसाच्या तसा होता, हे खरं. पण तो श्वास घेत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत बसवलं. सुताराचा शब्द मात्र खरा ठरला, पंधरा दिवसांत वास गेला. म्हणजे आमचा गेला. पाहुण्यांना येतच होता. नाक हा फार लवकर मिंधा होणारा कारकून आहे.

वास म्हणजे स्वच्छता, ही समजूत तर आपल्या हाडीमाशी खिळलेली. एका दिवाळीला मी बाथरूम घासायला घेतलं. ॲसिडने डाग हटेनात, म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. मग डाग तिथेच राहिले आणि मी हटलो. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला होता तोच. मी डोळे चोळत, खोकत जिन्यात बसलो होतो, तर शेजारच्या काकू वर येता येता म्हणाल्या, "काय, साफसफाई जोरात दिसतेय. वास येतोय अगदी!"

त्यानंतर मुलीने उपाय म्हणून मनीप्लांट आणला. झाडं हवा शुद्ध करतात, असं नासाने म्हटलंय म्हणे. नासाने 1989 साली प्रयोग केले होते खरे, पण ते लहानशा बंद पेट्यांत. पुढे 2019 मध्ये संशोधकांनी अशा प्रयोगांचा हिशेब मांडला : साध्या घरात हवा येण्याजाण्याने जेवढं काम आपसूक होतं, तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. शंभर चौरस फुटांच्या आमच्या खोलीत कमीत कमी नव्वद कुंड्या! मग आम्हालाच गॅलरीत झोपावं लागेल.

एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी घरातल्या हवेचा कसून अभ्यास केला. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा : खोलीत शेणाचा ढीग असेल तर वारा घालत बसू नका, आधी ढीग उचला. शेणाने जमीन सारवणाऱ्या माझ्या आजीला हा दाखला रुचला नसता, पण मुद्दा तिला पाठ होता. तिच्या ट्रंकेत गोळ्या नसत, वेखंडाचे तुकडे असत. वर्षातून एकदा ती लुगडी सावलीत पसरायची आणि घड्या बदलायची. तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. तिच्या चुलीच्या धुरापुढे आमची गोळी लिंबूटिंबू. पण त्या धुराला ती धूर म्हणायची, ताजेपणा नव्हे.

पैठणी आता सुती कापडात, गोळ्यांविना आहे. घड्या बदलायचं काम माझ्याकडे आलंय. तुम्हीही एवढं करा : ॲसिड आणि ब्लीच यांची गाठ पडू देऊ नका, नवं फर्निचर आलं की निदान काही महिने खोली वाहती ठेवा, आणि रोज थोडा वेळ समोरासमोरच्या खिडक्या उघडा. शेजारच्या सुक्या बोंबलाचा वास आत येईल. येऊ द्या. तो कशाचा आहे, ते निदान ठाऊक असतं.