एका गाण्याचे चार संसार

गुजरातेतल्या कडोदऱ्यात हल्ली कुणाला कसली शरमच राहिली नाही म्हणे. मिलची पाळी सुटली की जो तो खिशातला बोटभर पेनड्राइव्ह काढतो आणि बेधडक सांगतो, "दहा हजार गाणी आहेत भो!"

दहा हजार? आम्ही आत डोकावलो. (चोरून नव्हे, एका भाऊंनी साफ करायलाच दिला होता.) आणि काय सांगावं! 'हाई झुमका वाली पोर' चार-चार घरी नांदताना सापडली. एकीच्या नावात 'झ', दुसरीच्यात 'ज', तिसरीपुढे कंसात 1, आणि चौथी तर 'ट्रॅक 07' असं खोटं नाव लावून भजनांच्या फोल्डरात!

हे लफडं जमतं कसं? खानदेशातून इथल्या डाईंग-प्रिंटिंगच्या मिलांत आलेल्या मंडळींना अहिराणी गाणं लागतंच. आधी मोबाइलच्या दुकानातून कार्डात भरून घेतात, मग यूट्यूबवरून तेच पुन्हा उतरवतात. जुन्या प्लेअरला एमफोरए चालत नाही, म्हणून त्याचं एमपीथ्री होतं. मूळ फाइल जागची हलत नाही आणि नवी तिच्या शेजारीच बिऱ्हाड मांडते. एवढ्यात कुणीतरी कान भरतं, "320 वर टाक, बेस दणकतो." झालं, चौथी घरात!

खरा चावटपणा पुढेच. चार मिनिटांचं गाणं 128 केबीपीएसच्या दराने जेमतेम चार एमबी, 320 ला साडेनऊच्या घरात. पण 128 चं 320 केलं तर गेलेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. म्हणजे सगळ्यांत धष्टपुष्ट तीच बनावट! आणि भाबडी माणसं बारकी पुसून जाडी ठेवतात.

डबल फाइली पकडणारी साधी सॉफ्टवेअरंही इथे फसतात. ती अक्षरन् अक्षर जुळवून बघतात. फॉरमॅट बदलला, नुसतं टॅगमधलं गायकाचं नाव बदललं, तरी 'ही दुसरीच' म्हणून सोडून देतात. त्यापेक्षा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड बेरकी, ते क्रोमाप्रिंट वापरून थेट सुरावरून ओळख पटवतं. पण एवढी उठाठेव कशाला? मूळ गाणी एका फोल्डरात, प्लेअरसाठी बदललेली दुसऱ्यात, आणि पेनड्राइव्हवर जायचं ते फक्त दुसऱ्यातून. दुसरं फोल्डर केव्हाही बिनधास्त पुसा.

हे सगळं त्या भाऊंना समजावलं. पण ऐकतील तर शपथ! परवा गावच्या लग्नाला निघाले. चलथाणला गाडीत बसल्यापासून स्पीकर सुरू. नवापूरला, जिथे निम्मं स्टेशन गुजरातेत अन् निम्मं महाराष्ट्रात, झुमकावाली दोन्ही राज्यांत वाजून झाली. समोरच्या बाकावरच्या आजी वैतागल्या, "भाऊ, हे झालं ना मघाशी?"

भाऊ छाती काढून म्हणाले, "ते साधं होतं, मावशी. हे 320."