काका, पाय!

आपल्या भाषेत पाय रोवून उभं राहणाऱ्या माणसाला फार मान आहे. वादळ येवो, ऑडिटर येवो, व्याही येवोत, गडी जागचा हलत नाही! बँकेतली 36 वर्षं मी याच एका गुणावर काढली. त्यामुळे निवृत्तीनंतर टेनिस शिकायला गेलो आणि आठवड्याच्या आत कोच म्हणाला, ‘काका, तुम्ही पाय रोवून उभे राहता, तोच घोळ आहे,’ तेव्हा गोपनीय अहवालांतले सगळे ‘उत्तम’ शेरे एकदम खोडले गेल्यासारखं वाटलं.

कोच म्हणजे माझ्या मुलाहून लहान पोरगा. त्याचं सगळं शास्त्र दोन शब्दांत मावतं: ‘काका, पाय!’ चेंडू नेटमध्ये गेला, काका, पाय. रॅकेटच्या कडेला लागून शेजारच्या कोर्टात गेला, तरी काका, पाय. एकदा मी चिडून म्हटलं, ‘अरे, रॅकेट माझ्या हातात आहे.’ तो शांतपणे म्हणाला, ‘हो, पण चूक खाली आहे.’

याचं मूळ आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये असावं. तिथे चेंडूला शेवटी स्टंपकडेच यायचं असतं आणि स्टंप हलत नाहीत. आपण त्यांच्यापुढे उभे राहिलो की झालं. टेनिसमध्ये असा काही शिष्टाचार नाही. एकेरीचं कोर्ट 27 फूट रुंद, आपल्या बाजूला नेटपासून बेसलाइनपर्यंत 39 फूट, आणि एवढ्या अंगणात तुम्ही नसाल तिथेच चेंडू टाकायचा, हे समोरच्याचं अधिकृत काम. आमच्यासारख्यांच्या खेळात चेंडू पलीकडून इथवर यायला सेकंद-दीड सेकंद घेतो. मी तो सगळा वेळ ‘अरे, हा तर तिकडे चाललाय’ हे पाहण्यात घालवतो आणि अखेरीस हात लांब करतो. हातघाई हा शब्द टेनिसमधूनच आला असावा, अशी माझी आता खात्री पटत चालली आहे.

यावर पहिला उपाय म्हणजे स्प्लिट स्टेप. समोरचा चेंडू मारणार, त्या क्षणी आपण एक छोटीशी उडी घ्यायची आणि तो मारून होतो न होतो तोच गुडघे वाकवून, चवड्यांवर, पाय फाकवून उतरायचं. उतरताना पायांचे स्नायू दाबलेल्या स्प्रिंगसारखे होतात आणि डावीकडे-उजवीकडे, हवं तिकडे निघता येतं. ऐकायला सोपं आहे. पण मी आधी उडी मारतो, उतरून स्थिरावतो, पुन्हा पाय रोवतो आणि मग तो मारतो.

हे तंत्र मी पूर्वी कुठेतरी पाहिलंय असं राहून राहून वाटत होतं. एका रात्री आठवलं: आजी! ती सोवळ्यात स्वयंपाक करायची, तेव्हा आम्ही सहा नातवंडं त्या दहा फुटी स्वयंपाकघरातून धावत असू. दारात कुणाचं पाऊल वाजलं की तिच्या टाचा किंचित उचलल्या जायच्या. अजून कोण, कुठून येणार हे ठरलेलं नसायचं, पण ती तयार. मग दोन बारीक पावलं मागे, एक आडवं, आणि हातातल्या तांब्यातलं पाणी न सांडता ती ओट्याच्या पलीकडे. तिला कधी कुणी शिवल्याचं मला आठवत नाही. नऊवारीत, दिवसाकाठी दोन सेट.

दुसरा उपाय त्या बारीक पावलांचाच. आमचं कोर्ट लाल मातीचं आहे, त्यामुळे खेळून झाल्यावर तुमची सगळी लबाडी जमिनीवर उमटलेली असते. एकदा कोचनं मला माझे ठसे दाखवले. वामनासारखी तीन पावलं; तिसऱ्या पावलापाशी बळीच्या जागी मीच आडवा झाल्याची मोठी खूण. शेजारी त्याचे स्वतःचे ठसे होते. आधी तीन-चार लांब ढांगा, आणि शेवटच्या टप्प्यात गौरी आणताना उंबऱ्यापासून काढतात तशी जवळजवळ, इवलीइवली पावलं. चेंडू उसळल्यावर नेमका किती वर येईल, वाऱ्यानं किती सरकेल, हे आधीपासून कुणालाच कळत नाही. त्या शेवटच्या पावलांनी तेवढी दुरुस्ती करून घ्यायची. टीव्हीवर सिमेंटच्या कोर्टावरचा सामना लागला की मी आता डोळे मिटून बुटांचा चुईं-चुईं आवाज ऐकतो. एका फटक्याआधी तो किती वेळा येतो ते मोजायचा प्रयत्न केला, पण मोजता येत नाही. फेडररच्या बाबतीत मात्र इतकी वर्षं आपण फसलो. तो धावतोय असं वाटायचंच नाही. तो चेंडूपाशी आधीपासून राहायलाच असावा असं वाटायचं.

पण सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. चेंडूपासून लांबही पळावं लागतं. मी एकदा धावत सुटलो की थेट त्याची गळाभेट घेतो. चेंडू पोटाशी, कोपर बरगडीत, आणि मग तव्यावरून घावन उलटावं तसा एक फटका. ओळखीच्या माणसाशी बोलताना आपण किती अंतरावर थांबतो, तेवढंच अंतर चेंडूला द्यायचं, असं कोच सांगतो. तो पुण्यात वाढलाय. त्याला हे सोपं जातं.

‘या वयात गुडघ्यांचं काय?’ हा प्रश्न मी घरी एकदाच काढला. बायकोनं बोपण्णा काढला. 2024 साली रोहन बोपण्णानं 43व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेलीय असं तो स्वतःच सांगतो, आणि पायांत पुन्हा बळ आलं याचं श्रेय अय्यंगार योगाला देतो. ‘त्या योगाची संस्था मॉडेल कॉलनीत आहे,’ ती म्हणाली. ‘जगभरातून लोक येतात. आपल्याकडून चालत पंधरा मिनिटं.’ मी रिक्षानं गेलो, चौकशी केली आणि माहितीपत्रक घेऊन आलो. ते फ्रिजवर चिकटवलेलं आहे.

परवा संध्याकाळी मात्र जमलं. कोचनं फोरहँडला चेंडू टाकला, त्या क्षणी माझी उडी बरोबर पडली. एक लांब ढांग, मग चार बारीक पावलं, चौथं किंचित मागे. चेंडू उसळला आणि कमरेएवढ्या उंचीवर, समोर, हातभर अंतरावर, पाहुणा पाटावर बसावा तसा येऊन ठेपला. इतक्या सोयीस्कर जागी मी आजवर चेंडू पाहिलाच नव्हता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो तसाच पुढे निघून मागच्या जाळीत गेला.

‘काका,’ पलीकडून आवाज आला, ‘हात!’