जावई मागे तीन लावतात!

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या. आवाज अगदी बारीक करून म्हणाल्या, "तुमच्या जावयांबद्दल एक कानावर आलंय. खरं असेल तर वाईट वाटतं हो." चेहऱ्यावर वाईट वाटण्याची खूण काही दिसेना.

झालं होतं असं. अधिक महिन्याचं धोंडे-जेवण म्हणून लेक-जावई चार दिवस राहायला आलेले. रात्री जावई गॅलरीत फोनवर बोलत होते आणि खालच्या गॅलरीत वहिनी तुळशीला पाणी घालत होत्या. (रात्री साडेदहाला तुळशीला पाणी कोण घालतं, हे मी विचारलं नाही.) त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं ते असं: "पुढे पाच, मधे सात, मागे तीन. गेल्या रविवारी मागे दोन लावलं आणि पार वाट लागली."

आकडा! एवढा शिकलेला, इंजिनियर जावई, आणि मटका! दुपारपर्यंत बातमी पलीकडच्या विंगेत पोचली. संध्याकाळी बाकावर सोसायटीतल्या अण्णांनी मात्र शंका काढली, "पाच-सात-तीन असा पाना नसतोच मुळी. चढत्या क्रमाने लिहितात, तीन-पाच-सात. बेरीज पंधरा, म्हणजे पंजा." सगळा बाक अण्णांकडे बघायला लागला. त्यांच्या घरच्या काकू तर जरा जास्तच.

जावयाला थेट विचारायची आपल्यात पद्धत नाही. लेकीला बाजूला घेतलं, तर ती म्हणते, "मटका असता तर परवडला असता गं आई."

मग मला गॅलरीत नेलं. वर्तमानपत्रावर एक बग्गी उताणी पडलेली. हातभर लांब, तीन किलोच्या वर वजन, रिमोटवर पळणारी. आणि तिचं पोट उघडून जावई बसलेले. ते आकडे निघाले तेलाचे! या गाडीला तीन डिफरन्शियल असतात, पुढे, मधे आणि मागे, आणि प्रत्येकात वेगळ्या दाटपणाचं सिलिकॉन तेल. पाच हजार, सात हजार, तीन हजार. पाण्याचा दाटपणा एक धरला, तर त्याच्या इतके हजार पट.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे मला खळ्यावरून कळलं. मळणीला तिवड्याभोवती बैल फिरतात, तेव्हा तिवड्याजवळचा जागच्या जागी पावलं टाकतो आणि कडेचा धापा टाकत पळतो. वळणावर गाडीच्या चाकांचंही तेच. दोन्ही एकाच वेगाने फिरवायला गेलात तर एक फरफटणार. म्हणून मधे ही दातेरी चाकांची डबी, जी ज्याला त्याला आपापल्या चालीने चालू देते. पण फार मोकळीक दिली, म्हणजे तेल पातळ झालं, की वळणावर उचललेलं आतलं चाक नुसतं गरगरतं आणि सगळी ताकद तिथेच वाया जाते. गेल्या रविवारी मागे दोन लावल्यावर झालं ते हेच. तेल दाट असलं की त्या चाकाला आवर बसतो.

इथवर मी ऐकून घेतलं. मग माझी नजर अप्पेपात्रावर गेली.

माझं, आईकडून आलेलं, बिडाचं, सात खळग्यांचं अप्पेपात्र! चार खळग्यांत चार लहान दातेरी चाकं, दोनांत दोन मोठी, मधल्यात स्क्रू. "आई, इतकी बरोबर मापाची वस्तू बाजारात मिळत नाही," जावई म्हणाले. जावई म्हणजे विष्णू, म्हणून मी गप्प बसले.

जुनं तेल काळपट राखाडी झालेलं, दातांची झीज त्यात उतरलेली. चाकं पुसून लख्ख केली. मोठ्या चाकांमागच्या रबरी कड्या नव्या घातल्या, ग्रीसचं बोट लावून. केसासारख्या पातळ चकत्या चिमट्याने उचलून बसवल्या, 0.1 मिलिमीटरची एक चकती कमी-जास्त झाली तर दाते एकमेकांना खातात म्हणे. मग तेल. तेही काठोकाठ नाही, चाकं जेमतेम बुडतील इतकंच, कारण तापल्यावर ते फुगतं आणि कडीतून वाट काढतं. भरलं आणि जावई हात बांधून बसले. का, तर बुडबुडे वर यायचे आहेत. धोंड्यांचा पाक बघायला दोन मिनिटं न थांबणारा माणूस इथे पाऊण तास बसला! झाकणाचे चार स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, एक बाजू फिरवली, दुसरी सावकाश उलटी फिरली, आणि चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद.

खूळ आजचं नाही. जपानच्या तामिया कंपनीने रिमोटवरची पहिली पोर्श 1976 मध्ये काढली, तेव्हापासून जगभरचे बापे असेच वर्तमानपत्रं पसरून बसलेत. त्यांच्यात पंथही आहेत. लहान गाड्यांत गोळ्यांचं डिफरन्शियल वापरणारे निराळे: दोन चकत्यांत दाबलेल्या बारक्या गोळ्या, तेल नाही, सगळा खेळ स्प्रिंग किती आवळली यावर. सैल राहिली तर चकत्या घसरतात आणि चिरका आवाज येतो. जावई त्या मंडळींबद्दल बोलतात ते ऐकलं तर आमच्या वहिनी सोज्वळ वाटतील.

आता माझ्याबद्दलची खरी लफडी. तेलाच्या दोन बाटल्यांची लेबलं पुसली गेली होती. जावई हवालदिल. मी चमचा घेतला, दोन्हींची धार सोडून बघितली. चाळीस वर्षं पाक बघतेय मी. "ही तीन, ही पाच," म्हटलं, आणि बरोबर निघालं. तेव्हापासून त्यांचा फोन लेकीला कमी आणि मला जास्त येतो. परवा मीच गॅलरीतून जरा मोठ्याने म्हणाले, "ऊन वाढलंय, मधे दहा लावून बघा." खाली तुळशीचा तांब्या पडल्याचा आवाज आला.

मटक्याचं मी अजून कुणाला समजावलेलं नाही. काकूंनी अण्णांची जुनी डायरी तपासायला घेतली आहे, तिचा निकाल लागू दे. तोवर एक विनंती. कुणाकडे बारा खळग्यांचं जुनं अप्पेपात्र पडून असेल तर कळवा. कड्या आणि चकत्या ठेवायला सात खळगे पुरत नाहीत.